हे अंशतः खरे आहे

आमच्या स्टँडसमोर एक फ्लेक्स लागलाय. दीड महिना झाला, वाऱ्याने एका कोपऱ्यातून फाटलाय, पण काढत कोणी नाही. वर हात जोडलेले आमदार साहेब, बाजूने गोल गोल चौकटीत वीस-बावीस चेहरे, त्यात माझा एक वर्गमित्रपण आहे जो शाळेत फळा पुसायलासुद्धा उठायचा नाही, आणि मधोमध जाड लाल अक्षरात साहेबांच्या अथक प्रयत्नांतून तालुक्यासाठी इतक्या कोटींचा निधी मंजूर. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असा फ्लेक्स तुमच्याकडेपण असणार आणि त्यावर कुठलाही आकडा टाकला तरी चालतो. फ्लेक्सच्या बरोब्बर मागे ग्रामीण रुग्णालय. तिथे एक्स-रे मशीन आहे, चांगलं आहे, त्याच्या लोकार्पणाची पाटीपण आहे. खोलीला कुलूप आहे, कारण मशीन चालवणारा माणूस बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली, मनगट हे एवढं सुजलं, तर तिथल्या सिस्टरनी आम्हाला खाजगी एक्स-रेवाल्याचा रस्ता दाखवला. चिठ्ठी वगैरे काही नाही, नुसतं हाताने, "त्या फ्लेक्सच्या बाजूनं जा, दुसरं शटर".

सिस्टरवर रागवून काय करणार, त्या दोन वॉर्ड एकट्या बघत होत्या.

तर हे सगळं लिहितोय ते आमदाराला शिव्या घालायला नाही. उलट मला हवंय की आमच्या आमदाराने मुंबईत नाहीतर नागपुरात उभं राहून आमच्या तालुक्याची गाऱ्हाणी मांडावीत, घसा फोडून मांडावीत. माझं भांडण वेगळ्या गोष्टीचं आहे. आमचे आमदार, आधीचे पण आणि आत्ताचे पण, दोन्ही पक्षांचे, बांधायला पैसे मागतात. चालवायला कोणीच मागत नाही. इमारत मागतात, टाकी मागतात, पूल मागतात, मशीन मागतात, आणि त्या मशीनवर बसणारा माणूस, टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीचं लाईटबिल, ॲम्ब्युलन्सचं डिझेल, हे मागायची वेळ आली की सगळे गप्प.

शहरातल्या शिकलेल्या लोकांचं, त्यात आमचे पुण्याचे मामा पहिले, नेहमीचं म्हणणं असतं की आमदाराचं काम कायदे करणं आहे, गटार-रस्ता-दवाखाना बघायला नगरसेवक आणि झेडपी मेंबर आहेत ना. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मामांना कोणीतरी सांगायला पाहिजे की झेडपी मेंबर होता कुठे? १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा चालू आहेत, आख्ख्या देशाला आपण त्याचं कौतुक सांगतो, आणि २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा विषय कोर्टात, निवडणुका नाहीत, प्रशासक बसले ते तीन वर्षांहून जास्त बसले. म्हणजे ठराव मांडणारा साहेब, मंजूर करणारा तोच साहेब, आणि अंमलबजावणी बरोबर झाली का हे विचारणारापण तोच. आधी निदान सर्वसाधारण सभेत एखादा मेंबर उठून, माझ्या गटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही म्हणून टेबल आपटायचा. ते टेबलच राहिलं नाही. मग लोक कुठे जाणार, आमदाराच्या बंगल्यावर. शाळेचं छत गळतंय, आमदार. डीपी जळाली, आमदार. मुलीचा दाखला अडकलाय, आमदार. कायदे करायचं राहिलं बाजूला, तो बिचारा सकाळी सात वाजता लुंगीवर पन्नास माणसांसमोर बसलेला असतो.

आणि दुसरं, कायदे करणं एवढंच आमदाराचं काम आहे हेही खरं नाही. सभागृहाची खरी ताकद पैशात आहे. कर्जाचं व्याज वगैरे जो भारित खर्च असतो तो सोडला तर सरकारला एक रुपया खर्च करायचा झाला तरी विधानसभेने हो म्हणावं लागतं, घटनेचं कलम २०३ तेच सांगतं. गंमत अशी की सभागृहाला खात्याने मागितलेली रक्कम, म्हणजे मागणी, मंजूर करता येते, नामंजूर करता येते, कमी करता येते, पण वाढवता येत नाही. म्हणजे आमदार उठून "माझ्या तालुक्याला पाच कोटी वाढवा" म्हणाला तरी तो स्वतः ते वाढवू शकत नाही, फक्त सरकारला विनंती करतो. त्याच्या हातात जे खरं हत्यार आहे ते विचारण्याचं आहे: दिलेत किती, खर्च किती केलेत, उरले ते कुठे गेले. कपात सूचना ही गोष्ट त्यासाठीच आहे, नाममात्र रक्कम कापायची सूचना द्यायची आणि त्या निमित्ताने खात्याचं सगळं कपाट उघडायचं. आता कपात सूचनांचे गठ्ठे येतात आणि चर्चेला वेळ नसतो, शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एका दमात "होय"च्या आवाजात पास.

मला एक वाईट खोड लागलीय, विधिमंडळाच्या वेबसाईटवर तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नांच्या, याद्या पीडीएफमध्ये पडलेल्या असतात, त्या मी रात्री जेवण झाल्यावर वाचतो. बायको म्हणते लोक क्रिकेट बघतात, तुम्ही हे काय बघता. पण वाचायला लागलात ना की सुटत नाही. प्रत्येक प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात पदं रिक्त असल्याचं निदर्शनास आलं हे खरे आहे काय? असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरं तर याहून भारी. "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." आणि माझं सगळ्यात आवडतं, "हे अंशतः खरे आहे."

अंशतः म्हणजे काय तर तुम्ही सात पदं रिक्त म्हणालात, आम्ही परवाच एकाची ऑर्डर काढली, तो हजर झाला नाही ही गोष्ट वेगळी, पण कागदावर सहाच रिक्त आहेत, म्हणून अंशतः. ही भाषा तयार करणाऱ्या बाबूला मी मानतो. खोटंपण बोलला नाही आणि खरंपण सांगितलं नाही.

खरी मजा पुढे असते, उपप्रश्नांत. तिथे मंत्र्याला उभं करून विचारता येतं, की साहेब तो एक हजर का झाला नाही, आणि उरलेल्या सहांची जाहिरात कधी. प्रश्न पुकारला जाणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखं, कितीतरी प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात पोचतच नाहीत आणि त्यांची उत्तरं पटलावर ठेवून दिली जातात. आणि एवढी लॉटरी लागल्यावर आमदार उठून काय मागतो? "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या ग्रामीण रुग्णालयाचं श्रेणीवर्धन करून उपजिल्हा रुग्णालय द्या." मंत्री म्हणतो, सन्माननीय सदस्यांची मागणी रास्त आहे, शासन सकारात्मक आहे, अधिवेशन संपल्यावर बैठक लावू. बाकं वाजतात. संध्याकाळी त्याची रील येते, मागे ढोल-ताशा, "वाघाची डरकाळी".

आता श्रेणीवर्धन म्हणजे काय हे एकदा नीट बघा. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं. ते ५० खाटांचं झालं. इमारतीचं टेंडर निघालं, स्लॅब पडला, टाईल्स लागल्या, फीत कापली. माणसांच्या पदांचा प्रस्ताव मात्र आरोग्य खात्यातून वित्त खात्यात, वित्तमधून आकृतीबंधाच्या, म्हणजे कुठे किती पदं याच्या ठरलेल्या तक्त्याच्या, नावाखाली परत, असा फिरत राहतो. म्हणजे आधी ३० खाटांना माणूस कमी पडत होता, आता ५० खाटांना तेवढीच माणसं. एक्स-रेची खोली आता मोठी झाली, कुलूपपण नवीन घेतलं.

आमच्या बाजूला एक गाव आहे, नाव सांगत नाही कारण तिथे माझी बहीण दिलीय. तिथे जलजीवनची टाकी झाली. निळा-पांढरा रंग, वर योजनेचं नाव, खाली कंत्राटदाराचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. घरोघर नळ बसले, फोटो काढले, आधारला जोडले, ऑनलाईन भरले. आणि सहा महिन्यांत पंपाचं लाईटबिल एवढं झालं की कनेक्शन कट झालं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं तेव्हा २०२४ पर्यंत प्रत्येक घरात नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असं ठरलेलं, मग २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. महाराष्ट्रात केंद्र निम्मे आणि राज्य निम्मे पैसे घालतं. ठीक. पण हे पैसे पाईप, टाकी, पंप आणि नळ यांचे. पुढे योजना चालवायची कोणी, तर ग्रामपंचायतीने, पाणीपट्टी गोळा करून. गावात पाणीपट्टी किती जमते हे मला सांगू नका, मी त्या गावचा जावई नसलो तरी भाऊ आहे, मला माहितीय. आधीच्या सरपंचाने वसुली लावली म्हणून तो पडला. नवीन निवडून आला तो वसुली लावणार नाही असं सांगूनच आला.

मग म्हणतात वित्त आयोगातून भरा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावाला आला त्यातला ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छता यासाठीच वापरायचा. २०२१ मध्ये सरकारने सांगितलं की स्ट्रीटलाईट आणि पाणीयोजनांची थकलेली बिलं वित्त आयोगाच्या पैशातूनच भागवा, तेव्हा सरपंच केवढे चिडले होते. त्यांचं बरोबर होतं आणि सरकारचंपण अगदीच चूक नव्हतं, कारण पाण्याचं बिल पाण्याच्या पैशातून भरायचं नाही तर कशातून भरायचं. पण या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोललंच नाही की योजना मंजूर करताना, वर्क ऑर्डर देताना, ती चालवायला वर्षाला किती लागणार आणि ते कुठल्या खिशातून येणार हा एक कॉलम कागदावर ठसठशीत लिहून घ्यायला काय हरकत होती. आमदार साहेब भूमिपूजनाला आले होते. नारळ फोडला. भाषणात दोनदा "हर घर जल" म्हणाले. बिलाबद्दल कोणी विचारलं नाही, मीपण नाही. मी टाळ्या वाजवल्या, पेढापण खाल्ला.

आता "मंजूर" या शब्दाकडे येऊ, कारण सगळा खेळ त्यात आहे. फ्लेक्सवर निधी मंजूर लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा प्रशासकीय मान्यता असते. म्हणजे सरकारने कागदावर मान्य केलं की हे काम करायला हरकत नाही. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि या सगळ्यात बजेटमध्ये त्या कामापुढे त्या वर्षी खरंच किती रुपये ठेवलेत ती तरतूद वेगळी, आणि त्या तरतुदीतले प्रत्यक्ष बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या पैसे वाटायच्या ऑनलाईन प्रणालीवर, किती सोडले ते त्याहून वेगळं. दहा कोटीच्या रस्त्यापुढे पहिल्या वर्षी नावापुरती टोकन तरतूद ठेवायची, म्हणजे काम "बजेटमध्ये आलं" म्हणता येतं. असं शंभर आमदारांचं शंभर कामात केलं की वर्षाच्या तरतुदीच्या कितीतरी पट कामं बाजारात सुटतात. मग ठेकेदार बिलासाठी चकरा मारतात, आंदोलनं करतात, रस्ता खडी टाकून तसाच पडतो, आणि आमची एसटी त्या खडीवरून जाताना मागच्या सीटवरची म्हातारी देवाचं नाव घेते. गेल्या काही वर्षांत राज्यभर ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांची जी बोंब चाललीय तिचं मूळ यात आहे. लोकांना वाटतं ठेकेदार रडतोय तर रडू दे, पण तो रडतो तेव्हा रस्ता आपला अडकतो.

आमदाराला हे माहीत नसतं असं नाही. आमच्यापेक्षा दहापट माहीत असतं. तो विचारू शकतो की माझ्या तालुक्यात मान्यता दिलेली कामं किती, त्यांची एकूण किंमत किती, यावर्षीची तरतूद किती, आजपर्यंत वितरित किती. चार आकडे, चौथ्याला दुसऱ्या-तिसऱ्याशी ताडून बघितलं की सगळं उघडं पडतं. वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर खात्याची तरतूद आणि वितरण दिसतंसुद्धा, लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाच्या खात्याचा नंबर, माहीत असलं म्हणजे झालं. पण हा प्रश्न विचारला तर फ्लेक्सवरचा आकडा स्वतःच खाली आणावा लागतो. कोण आणेल?

वरचं गणितपण सांगतो, कारण सगळा दोष तालुक्याच्या माणसावर टाकणं बरोबर नाही. मार्च २०२५ मध्ये राज्याचं बजेट आलं ते ७ लाख २० कोटींचं (७,००,०२० कोटी), महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. त्यात जिल्हा वार्षिक योजनेला, म्हणजे पालकमंत्री अध्यक्ष असतात त्या जिल्हा नियोजन समितीच्या (डीपीडीसी) पैशाला, २० हजार १६५ कोटी. लाडकी बहीणला ३६ हजार कोटी. जिल्ह्याजिल्ह्यांची रस्ते, शाळाखोल्या, दवाखाने, अंगणवाड्या यांची ही योजना एका बाजूला आणि एक योजना दुसऱ्या बाजूला, आणि ती एक जवळपास पावणेदोन पट. मी ती बंद करा म्हणत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना दीड हजार येतात, त्यांना त्याचा खरंच आधार आहे, मी डोळ्याने बघतो. पण त्याच काकू गुडघ्यासाठी खाजगीत जातात, एक्स-रे, डॉक्टरची फी आणि रिक्षा, त्या महिन्याचे दीड हजार स्टँडसमोरच संपतात. सरकारने एका हाताने दिलेले पैसे सरकारी दवाखाना बंद असल्यामुळे त्या दुसऱ्या शटरमध्ये जातात.

आणि मुळात बजेट तरी कुठे बजेट राहिलंय. मार्चमध्ये एक मांडायचं आणि मग प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला पुरवणी मागण्यांचा, म्हणजे बजेटबाहेरच्या वाढीव खर्चाचा, जाडजूड पुस्तकाएवढा गठ्ठा. जुलै २०२४ मध्ये ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, जून २०२५ च्या शेवटी ५७ हजार ५०९ कोटींच्या. २०२५ ला तर तीनच महिने आधी बजेट पास झालेलं होतं बरं का. कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी संस्था, वर्षानुवर्षे लिहितंय की पुरवणी मागण्या घेतात आणि मूळ तरतूदसुद्धा खर्च होत नाही. तो रिपोर्ट येतो अधिवेशनाच्या शेवटी, तेव्हा सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बघा, १९५३ च्या नागपूर करारातून आलेली गोष्ट, विदर्भाचं म्हणणं नीट ऐकायचं म्हणून, आणि २०२४ ला ते १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसात उरकलं. सहा दिवसात पुरवणी मागण्या, विधेयकं, प्रश्न, लक्षवेधी आणि हुरडा पार्ट्या. कशाला वेळ मिळाला असेल ते तुम्हीच ठरवा.

पुस्तकी अर्थशास्त्रवाले लोक अजून एक घोळ घालतात. त्यांच्या हिशोबात भांडवली खर्च चांगला, महसुली खर्च वाईट. इमारत बांधली तर भांडवली, मालमत्ता तयार झाली, शाब्बास. डॉक्टरचा पगार, औषधं, लाईटबिल, दुरुस्ती, हे महसुली, म्हणजे उधळपट्टीच्या रांगेत. मग वित्त खातं पदं अडवतं आणि इमारतींना हो म्हणतं. आमची कुलूपबंद एक्स-रे खोली राज्याच्या हिशोबात मालमत्ता आहे आणि ती उघडणारा माणूस हा बोजा आहे. आमदार निधीचंपण तेच. २०२० पर्यंत तो वर्षाला २ कोटी होता, वाढत वाढत २०२२ ला ५ कोटी झाला, म्हणजे विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ धरले तर वर्षाला १,८३० कोटी. हा निधी टिकाऊ मालमत्ता तयार करायला, पगाराला किंवा रोजच्या खर्चाला नाही. म्हणून सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, बाकडी. आमच्या गल्लीत बाकडी इतकी झालीत की माणसं कमी पडतात. पेव्हर ब्लॉकवर पुन्हा पेव्हर ब्लॉक बसलेत. आमदार वाईट आहे म्हणून नाही, नियमात दुसरं काही बसत नाही म्हणून.

नांदेडचं आठवतंय ना. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. औषधं नाहीत, माणसं नाहीत, आजूबाजूच्या जिल्ह्यांचा सगळा लोड एकाच दवाखान्यावर. आणि मग काय झालं? एक खासदार गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना (डीनना) हातात झाडू देऊन टॉयलेट साफ करायला लावलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, कितीतरी लोकांनी खाली लिहिलं "असाच पाहिजे". मला तेव्हापण शिसारी आली होती आणि आजही येते. टॉयलेट घाण का होतं तर सफाईची माणसं नव्हती, औषधं का नव्हती तर राज्याची खरेदीची यंत्रणा हाफकिन या सरकारी महामंडळाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे चालली होती आणि मधल्या मध्ये सगळं लटकलं होतं. डीन काय करणार, खिशातून इंजेक्शन आणणार? शेवटी मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदं, बजेट, औषधखरेदी याबद्दल सरकारला विचारलं. हे प्रश्न न्यायाधीशांना विचारायला लागले. ज्यांना आपण निवडून दिलंय, ज्यांच्यासमोर आरोग्य खात्याची मागणी दरवर्षी मतासाठी येते, त्यांनी ती पास करताना हे विचारलं असतं तर?

झाडू हातात देणं सोपं आहे, त्याचा व्हिडिओ होतो. लेखाशीर्षाचा व्हिडिओ होत नाही.

कोणी म्हणेल लोकांनाच हे पाहिजे असतं, रिक्त पदावर बोलणाऱ्या आमदाराला मत कोण देतं. अर्धं खरं आहे. (बघा, मीपण अंशतःवर आलो.) पण सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने गणपतराव देशमुखांना ११ वेळा निवडून दिलंच ना. १९६२ ला पहिल्यांदा, मध्ये ७२ ला आणि ९५ ला पाडलंसुद्धा, परत निवडून दिलं. एसटीने फिरणारा माणूस, शेतकरी कामगार पक्षाचा, बहुतेक वेळ विरोधी बाकावर, आणि विषय काय तर दुष्काळ आणि पाणी, दुष्काळ आणि पाणी. टेंभू उपसा योजनेचं पाणी, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी, कुठपर्यंत आलं, पुढे का अडलं. तोच तोच प्रश्न वर्षानुवर्षे विचारत राहणं याला एक प्रकारचा निर्लज्जपणा लागतो, चांगल्या अर्थाने. आता प्रत्येक अधिवेशनाला नवीन विषय पाहिजे, कारण जुन्या विषयावर नवीन फ्लेक्स लागत नाही.

आणि पैसे कायमचे कुठून येणार हा प्रश्न याच राज्याच्या विधिमंडळातल्या माणसाने एकदा सोडवूनपण दाखवलाय. वि. स. पागे, १९६० ते ७८ विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा छोटा प्रयोग झाला, मग ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि १९७७ ला कायदा झाला, देशाची मनरेगा यायच्या कितीतरी आधी. लोक कायद्याचं कौतुक करतात, मला त्यातलं पैशाचं कलम जास्त आवडतं. १९७५ ला व्यवसाय कर आला तो या योजनेसाठी, आणि शहरातल्या नोकरदाराकडून आला तेवढाच वाटा राज्याने घालायचा अशी बांधणी केली. म्हणजे खड्डा खणणाऱ्याची मजुरी पुढच्या वर्षी कुठून येणार हे आधीच ठरवून ठेवलं. पगाराच्या स्लिपवर तुमचे २०० रुपये पीटी म्हणून कापतात आणि फेब्रुवारीत ३००, ते तिथून आलेत. पुढे त्या पैशाला कुठे कुठे पाय फुटले तो वेगळा विषय, पण आधी चालवायच्या पैशाची सोय आणि मग योजना, असा उलटा क्रम कोणीतरी लावला होता.

मला आमच्या आमदाराकडून एवढंच पाहिजे. नवीन काही मागू नका असं मी म्हणणार नाही, पूल नाही तिथे पूल लागणारच, पावसाळ्यात पोरं ओढ्यातून शाळेत जातात तिथे मी देखभालीचं प्रवचन दिलं तर मलाच ओढ्यात टाकतील. पण पाच वर्षांत एका अधिवेशनाला, फक्त एका, तालुक्यात आधी जे बांधून ठेवलंय त्याचा हिशोब मागा. किती दवाखान्यांत किती पदं भरलेली, किती पाणीयोजनांची कनेक्शनं कट, किती शाळाखोल्या बांधून शिक्षकाविना, किती एसटीच्या फेऱ्या ड्रायव्हर-कंडक्टर नाही म्हणून बंद. तुमच्याच पक्षाचं सरकार असलं तरी मागा. सत्ताधारी आमदाराने खात्याला अडचणीत आणायचं नसतं असा एक अलिखित नियम झालाय, निधी बंद होईल म्हणून भीती असते. ती भीती खोटी नाही हे मलाही माहितीय, विरोधी आमदाराच्या तालुक्याला डीपीडीसीत काय वाट्याला येतं ते आम्ही एक टर्म भोगलंय.

गेल्या महिन्यात एका लग्नात साहेबांचे पीए भेटले. पंगतीत बाजूलाच बसले. मी आधीच एक कागद लिहून खिशात ठेवला होता, मला माहिती होतं ते येणार. साच्यात लिहिला होता बरोबर, पीडीएफ वाचून वाचून मला आता जमतं. अमुक येथील ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद रिक्त असल्याने यंत्र बंद अवस्थेत आहे हे खरे आहे काय? असल्यास, सदर पद केव्हापासून रिक्त आहे, या काळात किती रुग्णांना बाहेर पाठवण्यात आले? पद भरण्यास किती वार्षिक खर्च अपेक्षित आहे व त्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे? पीएंनी जिलेबीचा हात पुसला, कागद वाचला, परत वाचला. माणूस वाईट नाही, कॉलेजला माझ्या एक वर्ष मागे होता. म्हणाला, "भाऊ, चांगलंय. पण यात निधी किती?"

मी म्हटलं, एका माणसाचा पगार.

"तसं नाही, म्हणजे किती कोटी लिहायचे?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन आला. कागदाच्या शेवटी मी ती साच्यातली ओळपण लिहिली होती, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.